नारळ वर्गाबाहेर

दर रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या घरमालकीणबाई स्वयंपाकघरात हजेरी घ्यायच्या. माणसांची नव्हे, डब्यांची.

"तांदूळ?"

"हजर," मी म्हणायचे.

"तूरडाळ?"

"आहे थोडी."

"थोडी म्हणजे? डाळ काय उशिरा आली शाळेत? हजर की गैरहजर, एवढंच सांग."

"हजर, बाई."

"टोमॅटो?"

"वर्गाबाहेर उभा आहे."

"राहू दे. डोकं खाली उतरलं की घेऊ आत."

हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्याने चालायचं, हातात शाळेचा खराखुरा हजेरीपट घेऊन. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, त्या आठवड्यात त्यांनी दुकानात जाऊन कोऱ्या हजेरीपटांचा गठ्ठाच विकत आणला होता. कशाला, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सवय सुटली की माणूस सुटतो." डबा भरलेला असेल तर नावापुढे तिरकी रेघ, रिकामा असेल तर लाल शाईचं गोल. पहिल्या रविवारी हा प्रकार पाहिला आणि मनात म्हटलं, झालं! रत्नागिरीत एवढी वणवण करून घर मिळालं, ते एका वेडीच्या माडीवर.

मिरकरवाड्याच्या चढावर त्यांचं चिऱ्याचं दोन खोल्यांचं घर होतं आणि वर पत्र्याची माडी. माडीवर आम्ही तिघं. मी, नवरा आणि पाच वर्षांची मनू. नवरा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात आणि मी कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात. खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी पगार विचारला नाही की डिपॉझिटचं नाव काढलं नाही. विचारलं काय, तर "डबे किती आहेत?"

नवरा गोंधळला. "मोजले नाहीत."

"मोजून या," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही मुकाट्याने घरी जाऊन डबे मोजले. चौदा निघाले, त्यातले तीन झाकणाविना. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "झाकणं घ्या आणि मग राहायला या. उघड्या डब्यांच्या घरात महागाई आधी शिरते." आता बोला!

एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगूनच टाकते. बाई बौद्धवाडीतल्या आणि आम्ही आतल्या गावातले कुणबी. घरमालकीण कोण, हे आम्ही गावी सासूबाईंना सांगितलंच नव्हतं. "एक निवृत्त शिक्षिका आहेत," एवढ्यावर भागवलं. आज त्या लपवाछपवीची लाज वाटते, पण खरं ते खरं.

बाईंबरोबर बाजारात जाणं म्हणजे एक सोहळाच असायचा. पिशवी घडी करून पदराच्या आत कमरेला खोचलेली असे, बाहेरून दिसता कामा नये. "पिशवी दिसली की भाव वाढतो," हे त्यांचं शास्त्र. आधी रिकाम्या हातांनी पूर्ण बाजार फिरायचा, प्रत्येक टोपलीपाशी थांबायचं, भाव विचारायचा, मान डोलवायची आणि पुढे जायचं. दुसऱ्या फेरीत पिशवी बाहेर यायची. तोवर माझे पाय बोलायला लागलेले असायचे. "बाजारात आधी डोळे पाठवायचे, मग पाय. हात सगळ्यांच्या शेवटी," असं त्या म्हणत.

निम्मे भाजीवाले त्यांच्या हाताखालून गेलेले. एक चांगला पन्नाशीचा, मिशीवाला, दांडगा गडी होता. बाई समोर आल्या की तो ताजवा हातात घेऊन तसाच उभा राहायचा. बाई त्याला विचारायच्या, "सत्तावीस रुपयांचे पाव किलो, तर पाऊण किलोचे किती?" तो कपाळावर आठ्या घालून बोटं मोजायला लागायचा. गिऱ्हाईकं ताटकळत. शेवटी वैतागून म्हणायचा, "बाई, तुम्ही द्याल ते द्या!" मला वाटायचं, भाव पाडायची ही युक्ती असेल. पण नाही. बाई स्वतः एक्याऐंशी रुपये मोजून त्याच्या हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "सत्तावीस त्रिक एक्याऐंशी. उद्या पाठ करून ये." फसवणूक दोन्ही बाजूंनी नको, हा त्यांचा हट्ट.

त्यांचा मूळ सिद्धांत सोपा होता. एखाद्या वस्तूचा भाव चढला म्हणजे तिचं डोकं चढलं. तिची मनधरणी करायची नाही, तिला वर्गाबाहेर उभं करायचं आणि तिच्या जागी बदलीवर दुसरी आणायची. टोमॅटोच्या जागी आमसूल. तूरडाळीच्या जागी कुळीथ. फरसबीने भाव खाल्ला की परड्यातला शेवगा, पावसाळ्यात रस्त्याकडेचा टाकळा. फणसाच्या आठळ्या त्या मातीत पुरून भाद्रपदापर्यंत टिकवायच्या. मे महिन्यात सुके बोंबील आणि सुकट भरून ठेवायच्या, कारण "पावसात मासळीचे भाव ऐकायला कान चांगले असून भागत नाही, काळीज चांगलं लागतं." अंथरूण पाहून पाय पसरावे, असं मी एकदा शहाणपणाने बोलले. बाई हसल्या. "अगो, अंथरूण रोज आखडतंय. पाय किती पोटाशी घेशील? अंथरूणच बदलायला शिक."

टोमॅटोपर्यंत सगळं ठीक होतं. पण एका श्रावणात त्यांनी नारळाला बाहेर काढलं.

कोकणात राहून नारळाला बाहेर काढायचं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे आमटीत नारळ, भाजीत नारळ, माशाच्या कालवणात तर नारळच नारळ. आणि त्या वर्षी नारळाने असा काही भाव खाल्ला होता की बायका विक्रेत्याला भाव विचारून पुन्हा एकदा विचारायच्या, चुकून दोन नारळांचा तर सांगत नाही ना म्हणून. बाईंनी दोन रविवार वाट पाहिली. तिसऱ्या रविवारी हजेरीपटात नारळाच्या नावापुढे लाल गोल काढलं. घरात एकच नारळ उरला होता. तो उचलला, लाल खडूने त्याच्यावर तारीख घातली आणि बाहेरच्या पायरीवर ठेवला, तोंड भिंतीकडे करून. शिक्षा म्हणजे शिक्षा.

नेमकी दुसऱ्या दिवशी अमावास्या.

पहाटे दूधवाला आला, पायरीवर लाल खुणा केलेला नारळ पाहिला आणि चार पावलं मागे सरकला. आपल्याकडे अमावास्येला दारात असला नारळ म्हणजे कुणीतरी करणी केली, हे न सांगता समजतं. दूध न घालताच तो गेला. तीन दिवस आला नाही. शेजारची बाई रस्ता बदलून पलीकडून जायला लागली. चौथ्या दिवशी चढावरची चार माणसं जमली, त्यांच्या मागे दूधवालाही, आणि दुरूनच ओरडून विचारू लागली, "बाई, कुणावर संशय आहे काय?"

बाई पायरीवर आल्या. नारळ उचलला, वर करून सगळ्यांना दाखवला. "अरे, करणी कुणी केली नाही. हा महाग झालाय, म्हणून मी ह्याला वर्गाबाहेर उभा केलाय!"

कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा बाईंनी सगळ्यांदेखत तो नारळ पायरीवर आपटून फोडला, खोबऱ्याचा एक तुकडा स्वतः खाल्ला आणि उरलेलं खोबरं जमलेल्या माणसांना वाटलं. दूधवाल्याने डोळे मिटून तुकडा तोंडात टाकला. "बघ, मेलो का आपण?" बाई म्हणाल्या. मग आत येऊन मला म्हणाल्या, "शिक्षा अर्धी राहिली त्याची." त्या दिवसापासून अख्ख्या चढावर बायका नारळाचा भाव ऐकला की एकमेकींना म्हणायच्या, उभा कर मेल्याला बाहेर!

हे सगळं मी हसत सांगते आहे, कारण तेव्हा हसण्यासारखे दिवस होते. पुढे ते राहिले नाहीत.

पुढच्या हंगामात मासळीच आली नाही. होड्या जायच्या आणि अर्ध्या रिकाम्या परत यायच्या. मासळी नाही तर बर्फ कोणाला हवा? नवऱ्याच्या पाळ्या आठवड्याला तीनवर आल्या, पगार निम्मा झाला. तेल चढलं, डाळ चढली, गॅस चढला. माझ्या झेरॉक्सच्या पगारात घर चालवायचं म्हणजे तारेवरची कसरत. ही बातमी गावी पोचली आणि सासूबाईंचा फोन आला. "पोरीला हिकडं पाठवा. गावात शाळा हाय, भात हाय. तुमचं एक तोंड कमी होईल."

त्यांनी वाईट मनाने सांगितलं नव्हतं. आमच्या गावात कितीतरी मुलं अशी आजीआजोबांकडेच वाढतात, आईबाप मुंबईत. पण "एक तोंड कमी" हे शब्द माझ्या कानात शिरले ते बाहेर निघेनात. मनू झोपली की मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. एवढंसं तोंड. ते कमी करायचं?

नवरा म्हणाला, "दोन महिने बघू. नाही जमलं तर दिवाळीनंतर पाठवू." मी मनाशी ठरवलं, जमवायचंच. काय वाटेल ते करून.

आणि जमवलं की! दोन महिन्यांच्या अखेरीला मी बाईंना माडीवर बोलावलं. आमच्याही डब्यांची हजेरी मी आता घेत होते, त्यांनीच शिकवलेली. एकेक झाकण उघडून दाखवलं. डाळ उरली होती, तेल उरलं होतं, पीठसुद्धा उरलं होतं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. परीक्षेत पहिली आलेल्या मुलीसारखी मी उभी होते.

बाईंनी डाळीच्या डब्यात हात घालून बघितलं. मग खाली जाऊन आपली लाकडी फूटपट्टी घेऊन आल्या, मापताना वाटीतले तांदूळ सपाट करायला त्या वापरायच्या ती. डब्यात उभी घालून मोजलं.

"रोज डाळ किती घेतेस?"

"अर्धी वाटी."

"तिघांना, दोन वेळा?"

"हो."

"मग महिना संपायच्या दोन दिवस आधी हा डबा रिकामा व्हायला हवा होता. चार बोटं डाळ उरली कशी?"

"काटकसर केली, बाई."

"डबे खोटं बोलत नाहीत. माणसं बोलतात. कोण जेवत नाही?"

मी डब्याचं झाकण लावायला लागले. बाईंनी पुढे होऊन माझी खालची पापणी ओढली, शाळेत आरोग्य तपासणीला मुलांची ओढतात तशी. "पांढरीफटक," त्या म्हणाल्या. "सकाळी काय खातेस?"

"चहा."

"दुपारी?"

"दुकानात असते ना. भूक नसते."

"आणि रात्री?"

रात्री मी त्या दोघांना वाढून, उरलेल्या भातावर पाणी आणि मीठ घालून प्यायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला वाटायचं, मी आधी जेवले. मनूला वाटायचं, मी नंतर जेवणार. बाईंना मी काहीच सांगितलं नाही, नुसती रडायला लागले. रडता रडता "एक तोंड कमी"ची सगळी गोष्ट बाहेर पडली.

बाईंनी फूटपट्टी माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर अशी आपटली की खाली कोंबड्या ओरडल्या. इतकं चिडलेलं मी त्यांना त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"कमी केलंसच की तू एक तोंड! पोरीचं नाही तर स्वतःचं! अगो, महागाई आली की वस्तू बाहेर उभ्या करायच्या, माणसं नाहीत! एवढी वर्षं हे मी काय गाढवांना शिकवलं?"

मग हाताला धरून मला खाली नेलं, कुळथाची पिठी आणि भात वाढला आणि समोर बसून राहिल्या. ताट पुसून घेईपर्यंत उठू दिलं नाही. ती गरम पिठी घशाखाली उतरली तेव्हा मला कळलं की मी दोन महिने उपाशी होते. त्याआधी मलाच माहीत नव्हतं.

जेवण झाल्यावर मी ताठा दाखवला. "बाई, उपकार नकोत आम्हाला."

"उपकार कसले? खाली मी एकटीसाठी कुकर लावते, वर तू तिघांसाठी लावतेस. दोन गॅस, दोन फोडण्या, दोन तेलाच्या किटल्या. दोन शिक्षकांच्या शाळेत मी वीस वर्षं काढली. पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या. त्याला जोडवर्ग म्हणतात. चार यत्ता चालवल्या, दोन घरं चालवायला काय होतंय? उद्यापासून जोडवर्ग. खर्च माणशी. तुमची तोंडं तीन, माझं एक."

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू जेवत नव्हतीस?" मग दुसऱ्या दिवशी चौदाच्या चौदा डबे त्यानेच डोक्यावरून खाली उतरवले. पाळी नसलेल्या दिवशी तो बंदरावर मासळीचा लिलाव उठायच्या वेळेला जायला लागला. शेवटी उरलेली तारली, मांदेली कमी भावात मिळायची. एक चूल झाली आणि खरोखर, महिन्याच्या शेवटचा आठवडा, जो आधी घशात अडकायचा, तो गिळता येऊ लागला. आता हजेरीपटात डब्यांच्या खाली माणसांची नावंही आली. मनू, नवरा, मी. "जेवलीस?" असं बाई विचारायच्या नाहीत. नाव पुकारायच्या. ताट रिकामं केलेलं असेल तरच हजर म्हणायची परवानगी.

मनू एकदा वहीत डोकावून म्हणाली, "आजी, तुमचं नाव कुठाय?"

"मास्तरीण हजेरी घेते गो. देत नाही," बाई म्हणाल्या. तेव्हा ते आम्हाला विनोदी वाटलं.

दिवाळी झाली आणि एका शनिवारी सासूबाई एसटीने आल्या. बरोबर एक रिकामी कापडी पिशवी होती. मनूचे कपडे भरून न्यायला. अंगणात आल्या, खाली एकच चूल पेटलेली पाहिली, भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली आणि त्यांना काय समजायचं ते समजलं. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिच्या चुलीवरचं जेवता?"

"आपल्या चुलीवरचं, आई," मी म्हटलं. कुठून बळ आलं कोण जाणे.

जेवायला बसायची वेळ आली तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. "माझा शनवार हाय. उपास."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. असल्या उपासांची कारणं त्यांनी जन्मभर ऐकली असणार. "बरं ताई," त्या म्हणाल्या. "रजेचा अर्ज आला. मंजूर." आणि दोन केळी त्यांच्यापुढे सालासकट ठेवली.

दुसरा दिवस रविवार. आठ वाजले. बाई वही घेऊन बसल्या. उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढलेली. डबे झाले, माणसं झाली. मग बाई वहीत बघून थांबल्या, कारण शेवटी पेन्सिलीने वेड्यावाकड्या अक्षरात एक नवं नाव लिहिलेलं होतं. मनूचं काम. बाईंनी वाचलं, "गावची आजी?"

मनू सासूबाईंच्या मांडीवर जाऊन बसली आणि कानात सांगितल्यासारखं पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजी, हजर म्हण ना. नाहीतर लाल गोल मिळतं. लाल गोल मिळालं की बाहेर उभं राहायला लागतं."

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं. जोडवर्ग सुरू झाल्यापासून तिचे गाल भरले होते, माझेही. त्यांनी ते पाहिलं असणार, कारण त्या बराच वेळ बघत होत्या. मग पेजेची वाटी जवळ ओढली. पहिला घोट घेताना हात मधेच थांबला. मी पाहिलं, बाईंनीही पाहिलं. मग हात तोंडाकडे गेला.

"हाजर गो बाय, हाजर," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, चुलीकडे न बघता, "मीठ बराबर पडलंय."

दुपारच्या गाडीने त्या गेल्या. पिशवी इथेच राहू दे म्हणाल्या. पण अंगणातून परत फिरल्या, पिशवी घेतली आणि काही न बोलता निघाल्या. पंधरा दिवसांनी तीच पिशवी एसटीच्या कंडक्टरबरोबर आली, तोंडाशी शिवलेली. आत कुळीथ होते, आणि वर एका पुडीत चिंच. मनूचे कपडे तिच्यात कधीच भरले गेले नाहीत. माझी मुलगी माझ्यापाशी वाढली. आज ती दहावीला आहे, माझ्या खांद्याला लागते आणि भूक लागली की घर डोक्यावर घेते. हे सगळं बाईंमुळे. ह्याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि कमी सांगितलं तर कृतघ्नपणा होईल.

पुढे मासळी आली, पाळ्या वाढल्या. कुवारबावला आमच्या स्वतःच्या दोन खोल्या झाल्या. बाई अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा त्यांचा भाचा त्यांना चिपळूणला घेऊन गेला. फोन व्हायचा. "डाळ काय म्हणते?" हा पहिला प्रश्न.

गेल्या पावसाळ्यानंतर भाच्याचा फोन आला. त्याचं बाजारपेठेतलं दुकान पुरात गेलं होतं, माल सगळा चिखलात. पण फोन त्यासाठी नव्हता. "आत्या जेवत नाही," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात आजार काही नाही. आम्ही सांगून थकलो. तुमचं ऐकेल."

मी पेज केली, डब्यात भरली, माळ्यावरून जुना हजेरीपट काढला आणि पहिली एसटी पकडली.

बाई खाटेवर होत्या. केवढ्याशा झाल्या होत्या! मला पाहून हसल्या. "ये गो. भूक नाही मला, तू बस."

भाच्याची बायको आत गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "बाई, खरं सांगा."

त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "दुकान पाण्यात गेलं त्यांचं. पोराची फी आहे. तेलाचा भाव काय झालाय बघितलास ना? म्हातारीला लागतं कितीसं? पेन्शन देते ती त्यांनी वापरावी. माझं उगाच कशाला..."

माझं डोकंच फिरलं. पुढे होऊन मी त्यांची खालची पापणी ओढली. पांढरीफटक.

"एक तोंड कमी करताय, बाई?"

त्यांनी पांघरूण वर ओढून घेतलं. मी खुर्ची ओढून बसले, वही उघडली आणि मोठ्याने सुरुवात केली. "तांदूळ?"

भाच्याची बायको स्वयंपाकघरातून गोंधळून म्हणाली, "आहेत की. का?"

"हजर म्हणायचं!" मी ओरडले.

"हजर," ती म्हणाली. डाळ हजर होती, पीठ हजर होतं, तेल जेमतेम हजर होतं. मग भाचा, त्याची बायको, त्यांचा मुलगा. तो हसत हसत हजर म्हणाला. शेवटची ओळ कोरी होती. मी तिथे पेन टेकवून विचारलं, "बाई?"

"मास्तरीण हजेरी देत नाही."

"आज मास्तरीण मी आहे. नाव पुकारलंय. हजर की गैरहजर, एवढंच सांगा."

बाईंचे डोळे भरून आले. माझेही आले होते, पण मी वहीतून मान वर काढली नाही, मास्तरणीने काढायची नसते. मग त्यांचा बारीक आवाज आला, "हजर."

मी पेजेची वाटी त्यांच्या हातात दिली. मी चमचा घेऊन पुढे झाले, पण भरवू दिलं नाही. घोट घोट करत सगळी संपवली, बोटाने वाटी पुसली आणि विचारलं, "नारळ आला का गो आत?"

"नाही बाई. अजून बाहेरच आहे."

"उभा राहू दे मेल्याला," त्या म्हणाल्या, आणि रिकामी वाटी पुन्हा माझ्यापुढे केली.